पडदा कोणी सरकवायचा?

फाझिल साय हे तुर्की पियानोवादक आणि संगीतकार आपली 'कारा तोप्राक', म्हणजे 'काळी माती', ही रचना वाजवू लागतात तेव्हा त्यांचा डावा हात पट्ट्यांवर नसतो. ते बसल्या जागेवरून पुढे वाकतात, हात पियानोच्या उघड्या पोटात घालतात आणि तारा दाबून धरतात. उजव्या हाताने पट्टी दाबली की हातोडी नेहमीसारखीच तारेवर आपटते, पण तारेला झंकारायची मोकळीक नसल्यामुळे घुमणाऱ्या, लख्ख नादाऐवजी एक कोरडा, लाकडी, मातकट ठोका निघतो. डोळे मिटून ऐकणाऱ्याला तो पियानो वाटतच नाही. अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, एखाद्या खेड्यात भिंतीला पाठ टेकून कोणीतरी साझ हे तंतुवाद्य छेडत बसला आहे, असे वाटते.

१९९७ साली लिहिलेली ही रचना सहा-सात मिनिटांची आहे. तिच्यामागे आहे आशिक वेयसेल (१८९४-१९७३), सिवास प्रांतातल्या सिवरिआलान या खेड्यातला शेतकरी-कवी. लहानपणी देवी आल्या आणि त्याची दृष्टी गेली. बापाने हातात साझ दिला. तुर्कीत 'आशिक' म्हणजे नुसता प्रेमी नव्हे. स्वतः पदे रचून, साझवर गात गावोगाव फिरणाऱ्या कवीला तिथे आशिक म्हणतात. (आपण तुकोबांना ज्या मायेने एकेरीत बोलावतो त्याच मायेने मी वेयसेलचा उल्लेख एकेरीत करतो आहे.) ज्यांना ज्यांना जिवलग मानले ते सारे अंतरले, शेवटपर्यंत इमान राखले ते काळ्या मातीने, असा त्याच्या 'कारा तोप्राक' या गाण्याचा आशय. शेतीला काळी आई म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा भाव समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की वेयसेलची माती आई नसून सखी आहे.

अशा संगीताबद्दल लिहिताना एक वाक्य हमखास वापरले जाते: साय हे पूर्व आणि पश्चिम यांच्यामधला पूल आहेत. इस्तंबूल दोन खंडांवर वसलेले असल्यामुळे आणि तिथे खरोखरीचेच पूल असल्यामुळे ही उपमा कोणालाही आयती सापडते. मला ती पटत नाही, कारण पुलाची दोन्ही टोके सारख्याच उंचीवर आहेत असे ती गृहीत धरते. तुर्कस्तानात गेल्या शंभर वर्षांत पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि खेड्यातले संगीत यांची गाठ बरोबरीच्या नात्याने क्वचितच पडली. एकाच्या पाठीशी सरकार, शाळा, सभागृह आणि पगारी वाद्यवृंद होते. दुसऱ्याकडे गाणी होती. म्हणून दोन्ही संगीतांच्या मिलाफाचा विचार करताना तो किती गोड लागतो, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्यात कोणी कोणासाठी काय सोडले, हे आधी पाहिले पाहिजे. 'काळी माती'मध्ये पियानो स्वतःचा नाद सोडतो, आणि एवढ्या एका कृतीमुळे ही छोटी रचना तुर्कस्तानातल्या कितीतरी भव्य मिलाफांपेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते.

ही सोडण्याची गोष्ट नीट कळायला वाद्याच्या जवळ जावे लागेल. साझ किंवा बाग्लामा हे लांब दांडीचे, तुतीसारख्या लाकडाच्या पोटाचे तंतुवाद्य. त्याच्या दांडीवर स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे असतात आणि तुर्कीतही त्यांना 'पेर्दे'च म्हणतात. हा शब्द फारसीतून दोन्हीकडे गेला आहे, जसा आपला 'साजिंदा' त्याच साझच्या कुळातला आहे. हे पडदे ठोकलेले नसतात, दांडीभोवती बांधलेले असतात. पूर्वी आतड्याच्या तातीचे, आता नायलॉनचे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्याने कारागिराला नव्या सतारीचा पडदा अंगठ्याने केसभर वर, केसभर खाली करत स्वर मिळवताना पाहिले आहे, त्याला बांधलेल्या पडद्याचे मोल वेगळे सांगायला नको. पियानोच्या सप्तकात बारा जागा असतात आणि त्या कारखान्यातून कायम होऊन येतात. आजच्या साझच्या सप्तकात साधारण सतरा पडदे असतात आणि तेही सरकवता येतात.

तुर्की संगीतशास्त्र एका पूर्ण स्वराच्या अंतराचे नऊ भाग करते आणि त्या प्रत्येक भागाला 'कोमा' म्हणते. अनातोलियाच्या असंख्य लोकगीतांत षड्जानंतरचा स्वर शुद्ध रिषभापेक्षा साधारण दोन कोमा उतरलेला असतो. तो ना आपला शुद्ध रिषभ, ना कोमल. तुर्की लोकगीतांचे स्वरलेखन करणाऱ्यांनी यासाठी एक साधी युक्ती काढली: पाश्चात्त्य पद्धतीचे कोमल-चिन्ह काढायचे आणि त्याच्या डोक्यावर बारीक '२' लिहायचा. या आकड्याचा अर्थ एवढाच की हा स्वर पूर्ण कोमल नाही, दोनच कोमा खाली घे. पियानोवर हे गाणे उतरवायचे ठरले की पहिला बळी या आकड्याचा जातो. वाजवणाऱ्यापुढे दोनच पट्ट्या असतात, पांढरी आणि काळी, आणि गाण्याचा जीव ज्या जागेत होता ती जागा नेमकी त्या दोन पट्ट्यांच्या फटीत पडलेली असते. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर का निघत नाही यावर ज्यांनी वाद घातले आहेत, त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल.

या फटीची काळजी कोणी का केली नाही, याचे उत्तर प्रजासत्ताकाच्या सांस्कृतिक धोरणात आहे. तुर्की राष्ट्रवादाचे विचारवंत झिया ग्योकाल्प यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात संगीताची तीन भागांत वाटणी केली: पौर्वात्य संगीत, म्हणजे उस्मानी दरबाराचे आणि शहराचे, पाश्चात्त्य संगीत, आणि लोकसंगीत. यांतले पहिले त्यांनी रोगट आणि परके ठरवले, दुसरे नव्या संस्कृतीचे, तिसरे राष्ट्राचे. राष्ट्राच्या चाली घ्यायच्या, त्यांना पाश्चात्त्य स्वरमेळाचे अंग द्यायचे आणि त्यातून आपले राष्ट्रीय संगीत घडवायचे, असा हिशेब मांडला गेला. कागदावर तो फार सुबक दिसतो. प्रत्यक्षात उस्मानी संगीत आणि खेड्यातले संगीत यांचे स्वर, मकाम (आपल्या रागांसारख्या स्वररचना) आणि ताल शतकानुशतके एकमेकांत मिसळलेले होते. एकाला परके आणि दुसऱ्याला आपले म्हणायचे तर चुलत भावांपैकी एकाला घराबाहेर काढावे लागणार होते.

तसे काढलेही गेले. १ नोव्हेंबर १९३४ रोजी प्रजासत्ताकाचे संस्थापक आणि राष्ट्राध्यक्ष अतातुर्क यांनी संसदेतल्या भाषणात प्रचलित संगीताबद्दल नापसंती दाखवली आणि पुढच्या एक-दोन दिवसांत रेडिओवरून उस्मानी परंपरेचे संगीत बंद झाले. ही बंदी सुमारे वीस महिने टिकली. गंमत अशी की रात्रीच्या जेवणाच्या मैफलीत खुद्द अतातुर्क यांना रुमेलीची, म्हणजे बाल्कन भागातली, जुनी गाणी ऐकायला फार आवडत. लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई फिरवली आणि इजिप्तच्या केंद्रांवरून येणारे अरबी संगीत ऐकायला सुरुवात केली. राष्ट्राचा कान शुद्ध करायला निघालेल्या सरकारने तो कैरोच्या हवाली केला.

मराठी वाचकाला इथे हसू येण्याआधी आपल्या घरातल्या दोन गोष्टी आठवायला हव्यात. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दाराबाहेर केले आणि ती बंदी तीस वर्षे चालली. ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकाचा पडदा पेटीच्या सुरावर उघडत होता, तिथल्या कलावंतांनाही ती पाळावी लागली. आणि स्वतंत्र भारताचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे पुण्याचेच गृहस्थ, यांच्या कारकिर्दीत १९५२ पासून चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळपास अटकाव झाला तेव्हा आपल्या लोकांनीही सुई फिरवली. आपले कैरो सिलोनला होते. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली त्यामागे ही फिरलेली सुई होतीच. पेटीविरुद्धचा श्रुतीचा युक्तिवाद शास्त्र म्हणून बिनतोड होता, हे मी मान्य करतो. पण शास्त्राचे बरोबर असणे आणि त्यावरून बंदी घालणे यांच्यात जी दरी आहे ती अंकारालाही दिसली नाही आणि दिल्लीलाही दिसली नाही.

१९३६ च्या नोव्हेंबरात हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक अंकाराच्या निमंत्रणावरून तुर्कस्तानात आले. राजधानीत व्याख्याने झाल्यावर ते मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन दक्षिणेला अदानाच्या परिसरात गेले आणि तिथल्या भटक्या युरुक मेंढपाळांची गाणी त्यांनी टिपली. ओस्मानियेमध्ये सत्तरीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याने पहिलेच गाणे म्हटले आणि त्याची चाल जुन्या हंगेरियन चालीच्या इतकी जवळची निघाली की बार्टोक चकित झाले. बायका परक्या पुरुषापुढे गायला तयार होईनात, याची खंतही त्यांनी नोंदवून ठेवली आहे. या दौऱ्यात त्यांच्यासोबत दुभाषी आणि सहकारी म्हणून होते तरुण संगीतकार अहमद अदनान सायगुन. लोकसंगीताला वाकवून सिंफनीत बसवू नये, त्याच्या अंगभूत नियमांतून आपली भाषा घडवावी, हा बार्टोकचा बाणा होता. त्यांच्या यजमानांना मात्र बार्टोकची प्रतिष्ठा हवी होती आणि ग्योकाल्प यांचा हिशेब पुढे न्यायचा होता.

सायगुन (१९०७-१९९१) यांच्यावर मी इथे सरसकट टीका करणार नाही. 'तुर्की पंचक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच संगीतकारांत त्यांचे स्थान मोठे आहे आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या युनुस एम्रे या दर्वेश कवीच्या पदांवर त्यांनी लिहिलेली ओरातोरिओ, म्हणजे गायक, वृंदगान आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना, ही खरोखर थोर कृती आहे. १९४६ मध्ये ती अंकारात प्रथम सादर झाली, १९५८ मध्ये लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांनी न्यूयॉर्कमध्ये ती केली. तिच्यातले वृंदगायन ऐकताना मध्येच एखादी इलाही, दर्ग्यातली भक्तिपर चाल, वर येते आणि अंगावर काटा उभा राहतो. पण त्या चालीच्या डोक्यावरचा '२' गेलेला असतो. ती बारा स्वरांच्या चौकटीत बसते, बाखच्या वळणाच्या वृंदगानात तिला मानाची जागा मिळते, आणि मानाच्या जागेवर बसताना तिला नवे कपडे घालावे लागतात. पंचकातले हसन फेरित अलनार हे मूळचे कानून या वाद्याचे निष्णात वादक. त्यांनी कानून आणि वाद्यवृंद यांच्यासाठी कॉन्चेर्तो, म्हणजे एका वाद्याला वाद्यवृंदाच्या साथीने पुढे आणणारी रचना, लिहिला. कानूनच्या कडेला धातूच्या बारीक कळा असतात, त्या वर-खाली करून एकाच तारेचा स्वर कोमाकोमाने बदलता येतो. म्हणजे वाद्यवृंदाच्या मधोमध न वाकणाऱ्या स्वरांना आव्हान देणारे एक वाद्य त्यांनी आणून बसवले. या वाटेने फारसे कोणी पुढे गेले नाही, ही मला त्या पिढीची सर्वांत मोठी चुकलेली संधी वाटते.

आता वेयसेलकडे परत येऊ. १९३३ मध्ये प्रजासत्ताकाला दहा वर्षे झाली तेव्हा त्याने अतातुर्क यांच्यावर एक कवन रचले आणि ते त्यांना ऐकवायला तो एका सोबत्याबरोबर पायी अंकाराला निघाला. पोचायला सुमारे तीन महिने लागले. भेट झालीच नाही. अंकाराच्या उलुस भागातल्या बाजारात साझच्या तारा घ्यायला गेला असता अंगावरच्या गावठी कपड्यांमुळे पोलिसांनी त्याला हटकले, ही हकीकत तुर्कस्तानात सर्वांना ठाऊक आहे. ज्या शहरात लोकसंगीतातून राष्ट्राचे संगीत घडवण्याचे बेत आखले जात होते, त्याच शहराच्या मुख्य रस्त्यावर लोकगायकाला मज्जाव होता. चाल हवी होती, चाल गाणारा नको होता.

पुढे त्याच वेयसेलला सरकारने मान दिला, हेही खरे. १९४० मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण संस्थांत तो साझ शिकवत फिरला. खेड्यातल्या मुलामुलींना शिक्षक म्हणून तयार करणाऱ्या या संस्था हा तुर्कस्तानातला एक विलक्षण प्रयोग होता आणि १९५४ मध्ये तो गुंडाळला गेला याची हळहळ तिथे आजही व्यक्त होते. मात्र या संस्थांत विद्यार्थ्यांच्या हाती सर्वाधिक दिसणारे वाद्य होते मँडोलिन, ज्याचे पडदे धातूचे आणि ठोकलेले. त्यावर मुलगा घरची गाणी वाजवायला शिके आणि शिकता शिकता घरच्या गाण्यातली फट बुजवायलाही शिके. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. मँडोलिन स्वस्त होते, शिकवायला सोपे होते, आणि छापील पुस्तकांतले स्वर त्याच्यावर चपखल बसत.

या सगळ्या पार्श्वभूमीवर 'काळी माती' ऐकली की तिचे वेगळेपण लक्षात येते. साय अंकाराच्या त्याच सरकारी संगीतशिक्षणातून आले, पुढे जर्मनीत शिकले, मोझार्ट आणि बेथोव्हेन वाजवत जगभर फिरले. पियानोवर दोन कोमांचा रिषभ निघत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको. त्यांनी तो काढण्याचा आव आणला नाही. त्यांनी तार दाबली. दाबलेल्या तारेतून उपस्वर गळून पडतात आणि नाद इतक्या लवकर विझतो की कानाला त्या स्वराची नेमकी जागा ठरवायला अवधीच मिळत नाही. पांढऱ्या आणि काळ्या पट्टीमधली भिंत त्या धूसर ठोक्यात क्षणभर पातळ होते. रचनेच्या मधल्या भागात हात तारांवरून उठतो आणि पियानो आपल्या पूर्ण आवाजात, रशियन रोमँटिक धाटणीने, थोडा जॅझच्या अंगाने, उसळून येतो. मग पुन्हा हात आत जातो. हा मधला भाग मला थोडा पसरट वाटतो, पण त्याची गरज कळते: आपण काय दाबून ठेवले होते हे एकदा दाखवल्याशिवाय दाबण्याला अर्थ येत नाही.

साय यांच्या 'इस्तंबूल सिंफनी'बद्दल मला असे म्हणता येत नाही. डॉर्टमुंडच्या सभागृहासाठी लिहिलेली आणि मार्च २०१० मध्ये तिथेच प्रथम वाजलेली ही सात भागांची रचना मोठ्या वाद्यवृंदात नेय ही बोरूची बासरी, कानून आणि तुर्की तालवाद्ये आणून बसवते. तिच्या भागांची नावे पाहा: गतकाळाची ओढ, तरीकत (सूफी पंथ), सुलतान अहमद मशीद, बेटांकडे निघालेल्या बोटीवरच्या नटलेल्या तरुणी, हैदरपाशा स्थानकावरून अनातोलियाला निघालेले प्रवासी, पौर्वात्य रात्र. त्या वर्षी इस्तंबूल आणि जर्मनीचा रूर प्रदेश हे दोन्ही युरोपच्या सांस्कृतिक राजधान्या होते आणि ही कृती त्या प्रसंगाला अगदी साजेशी आहे, म्हणजे एखाद्या उत्तम चित्रपुस्तिकेसारखी आहे. नेयचा श्वासाने भरलेला सूर सुंदरच लागतो. पण वाद्यवृंद आपल्या जागेवरून हलत नाही. पाहुण्या वाद्यांना तो आदराने वाट करून देतो, त्यांचे ऐकून घेतो आणि पुन्हा आपल्या चालीने चालू लागतो. साय यांची उंची या सिंफनीवरून मोजणाऱ्यांनी तिच्या शेजारी ती सहा-सात मिनिटांची 'काळी माती' ठेवून ऐकावी.

शुद्धतावाद्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो फुटकळ नाही. साझचा नाद हवा असेल तर साझच ऐकावा, पियानोच्या तारा दाबून त्याची नक्कल कशाला, असे ते विचारतात. नक्कल म्हणून पाहिले तर 'काळी माती' साझच्या पासंगालाही पुरत नाही, हे उघड आहे. पण ती नक्कल नाही. वेयसेलची जागा घेण्याचा तिचा दावा नाही. वेयसेलपुढे आपल्या वाद्याचे काय होते, हे ती दाखवते. शुद्धतावाद्यांच्या दाव्यातली दुसरी अडचण अशी की ज्याला ते शुद्ध लोकसंगीत म्हणतात त्याच्या बऱ्याच भागावर रेडिओचे संस्कार झालेले आहेत. १९४० च्या दशकात मुझफ्फर सारिसोझेन यांनी अंकारा रेडिओवर प्रांतोप्रांतीची गाणी एकाच वृंदाकडून गाऊन घेण्याचा प्रघात पाडला. ज्या गाण्यांत एक माणूस आणि एक साझ होता, ती पंधरा-वीस जणांनी एका सुरात म्हटली. बोलींचे कंगोरे घासले गेले. सारिसोझेन यांनी हजारो गाणी वाचवली म्हणून त्यांचे ऋण मोठे आहे, पण वाचवलेल्या गाण्यावर वाचवणाऱ्याच्या बोटांचे ठसे उमटतातच.

साय यांच्या बाबतीत मात्र माझा खरा मतभेद वेगळ्या ठिकाणी आहे. २०१० मध्ये त्यांनी समाजमाध्यमावर अराबेस्क संगीतावर तुटून पडत, तुर्की लोकांच्या या आवडीची आपल्याला लाज वाटते, अशा आशयाचे लिहिले आणि मोठे वादळ उठले. अराबेस्क हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस वर आलेले, गाव सोडून शहरात आलेल्या आणि रातोरात उभारलेल्या झोपड्यांत राहणाऱ्या माणसांचे गाणे. त्यात विरह आहे, नशिबाला बोल लावणे आहे, डोळ्यांत पाणी आहे. वडापसारख्या माणसे कोंबून नेणाऱ्या 'दोलमुश' गाड्यांत ते इतके वाजे की त्याला दोलमुश संगीतच म्हणत. सरकारी दूरदर्शन आणि रेडिओने त्याला वर्षानुवर्षे दारात उभे केले नाही. १९८९ च्या सुमारास सांस्कृतिक खात्याने 'दुःखाविना अराबेस्क' नावाचे एक औषधी वाण काढायचा प्रयत्न केला. रडगाण्यातून रडणे काढून टाकल्यावर जे उरेल त्याला श्रोते मिळाले नाहीत, यात नवल नाही.

आता अराबेस्क रचले कशाने आहे ते पाहा. त्याचे सर्वांत मोठे नाव ओरहान गेन्जेबाय. हे गृहस्थ साझचे पट्टीचे वादक. त्यांनी साझला विजेची जोड दिली, त्याच्यामागे पाश्चात्त्य धाटणीचा व्हायोलिनचा ताफा उभा केला, गिटार घेतली, आणि १९३४ च्या बंदीमुळे ज्या इजिप्शियन संगीताची गोडी लोकांना लागली होती त्याचे वळणही घेतले. म्हणजे पाश्चात्त्य वाद्ये आणि तुर्की लोकसंगीत यांचा मिलाफच त्यांनी केला, आणि तोही सरकारी अनुदान, शिष्यवृत्ती वा परदेशी निमंत्रण यांशिवाय. साय यांनी लाज वाटते म्हणताना ज्याला हाकलले तो त्यांचाच चुलत भाऊ होता. ग्योकाल्प यांनी १९२३ मध्ये जी वाटणी केली, तीच साय यांनी २०१० मध्ये पुन्हा केली: मेलेला, निमूट, खेड्यातला आशिक आपला, शहरात येऊन गोंगाट करणारा त्याचा नातू परका. प्रत्येक अराबेस्क गाणे चांगले असते असे माझे म्हणणे नाही. त्यातले बरेचसे साचेबद्ध आहे, आणि संगीतकाराला नावडीचा अधिकारही असतोच. नावडीला लाजेचे नाव दिले की मात्र ती संगीताबद्दलची राहत नाही, माणसांबद्दलची होते.

आणि हेच साय तीन वर्षांनी स्वतः वाटणीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. २०१२ मध्ये त्यांनी ट्विटरवर बांगेच्या घाईबद्दल एक चेष्टा केली आणि उमर खय्यामच्या नावावर असलेल्या काही ओळी पुढे पाठवल्या. त्यावरून धार्मिक मूल्यांचा अवमान केल्याबद्दल एप्रिल २०१३ मध्ये त्यांना दहा महिन्यांची स्थगित कैद सुनावली गेली. निर्दोष सुटायला २०१६ उजाडले. दरम्यान २०१४ मध्ये अंकाराच्या राष्ट्राध्यक्षीय वाद्यवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेतून त्यांच्या रचना वगळल्या गेल्या, आणि त्यांत 'इस्तंबूल सिंफनी'ही होती. १९३४ मध्ये 'फार पौर्वात्य' म्हणून संगीत बंद करणारे राज्य ऐंशी वर्षांनी मशिदीचे नाव घेणारी सिंफनी तिच्या कर्त्याच्या नास्तिकपणामुळे बाजूला ठेवत होते. सत्ता कोणाची यावरून परक्याची व्याख्या बदलली. परका ठरवण्याची सवय तशीच राहिली.

या सवयीचे टोक साय यांना आधीच ठाऊक होते. २ जुलै १९९३ रोजी सिवास शहरात, म्हणजे वेयसेलच्याच प्रांतात, पीर सुलतान अब्दाल या सोळाव्या शतकातल्या अलेवी (तुर्कस्तानातल्या एका अल्पसंख्याक मुस्लिम पंथाच्या) कवीच्या स्मरणार्थ भरलेल्या उत्सवाच्या पाहुण्यांवर जमाव चालून गेला आणि ते उतरलेले मादिमाक हॉटेल पेटवून दिले गेले. उत्सवाला आलेले तेहतीस जण आणि हॉटेलचे दोन कर्मचारी मेले. त्यांत कवी होते, आणि साझ वाजवणारेही होते. अलेवी लोक साझला 'तारांचे कुराण' म्हणतात. आगीत होरपळून पुढे प्राण सोडलेला कवी मेतिन आल्तिओक याच्यासाठी साय यांनी २००३ मध्ये रेक्विएम, म्हणजे मृतासाठीची शोकरचना, लिहिले. साझ हे तुर्कस्तानात केवळ रम्य ग्रामीण नादाचे वाद्य नाही, ते हातात असल्याची किंमत माणसांनी मोजली आहे, हे त्या रेक्विएमच्या कर्त्याला कळले नव्हते असे कसे म्हणावे? म्हणूनच अराबेस्कवरचे त्यांचे बोलणे मला अधिक खुपते.

सरकारी पातळीवर तुर्की संगीताचे स्वतंत्र शिक्षण देणारी राज्य-संस्था इस्तंबूलमध्ये उभी राहायला १९७० च्या दशकाचा मध्य यावा लागला, म्हणजे प्रजासत्ताकाची पन्नाशी उलटावी लागली. आज साझ शिकायला अनेक विद्यापीठांत जागा आहेत आणि पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकणाऱ्यांचे वर्ग त्याच आवारात, बहुधा वेगळ्या मजल्यावर, भरतात. रचना शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक वर्ष साझचे पडदे स्वतः बांधायला लावावेत, असे मला सुचवावेसे वाटते. स्वरमेळाचे पुस्तक उघडण्यापूर्वी त्या दोन कोमांचा रिषभ अंगठ्याखाली सापडला, तर पुढे पियानोपाशी बसल्यावर काय हरवते आहे ते निदान कळेल, आणि हरवलेल्याच्या बदल्यात वाद्याकडून काय मागायचे तेही सुचेल.

एका जातीच्या पाश्चात्त्य वाद्याने मात्र हा पडदा केव्हाच सरकवला आहे. तुर्की लग्नात, मंडपाच्या कोपऱ्यात, अराबेस्क वाजवणाऱ्याच्या पुढ्यात जो इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड असतो त्याच्या वरच्या अंगाला सप्तकातल्या बारा पट्ट्यांसाठी बारीक बटणे असतात. गाणे बदलले की वादक न पाहता त्यांतले एक दाबतो, आणि पुढच्या गाण्यापुरता त्याचा रिषभ दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो.